धसका जात नव्हता : सोलापुरात पीटीएसडीचे उपचार घेताना

माझ्या धाकट्या भावाची पीटीएसडीची, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणाऱ्या मानसिक आजाराची, शेवटची गोळी ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली. जानेवारी २०२४ मध्ये मानसोपचाराच्या ओपीडीत पहिला केसपेपर काढला, तेव्हा पुढं काय काय होतं, किती दिवस लागतात, खर्च किती, हे सांगणारं आम्हाला कुणी भेटलं नाही. म्हणून तारखा, आकडे आणि आमच्या हातून झालेल्या चुका घडल्या त्या क्रमानं लिहिते. भावानं हे सगळं वाचलं आहे आणि त्याच्या होकारानंच लिहिते आहे. त्याचं, डॉक्टरांचं, कुणाचंच नाव दिलेलं नाही.

९ नोव्हेंबर २०२३, वसुबारसेची पहाट. भाऊ पिकअपमध्ये टॉवेलचे गठ्ठे भरून लातूरला निघाला होता. तुळजापूर रस्त्यावर उळे गाव ओलांडल्यावर मागचे दिवे नसलेला एक उभा ट्रक अंधारात दिसला नाही. शेजारी बसलेला क्लीनर, आमच्याच गल्लीतला पोरगा, जागीच गेला. भावाचा डावा पाय केबिनमध्ये अडकला आणि त्याला बाहेर काढायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात पिकअपचा हॉर्न दबून अडकला होता, तो बंद होत नव्हता. हॉर्नचं हे लक्षात असू द्या, पुढं सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

नडगीत रॉड टाकला, १८ नोव्हेंबरला घरी आणलं. झोप नव्हती, मध्येच दचकायचा, जेवण कमी झालं होतं. सगळे म्हणाले, धसका घेतलाय, होईल कमी. या टप्प्यावर ते म्हणणं चूक नव्हतं. एवढ्या मोठ्या अपघातानंतर पहिले काही आठवडे असं होणं शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे आणि बहुतेकांचा त्रास कुठल्याही उपचाराविना ओसरतो. लक्षणं एक महिन्याच्या आत असतील तर डॉक्टर त्याला तीव्र ताण प्रतिक्रिया म्हणतात. महिना उलटूनही ती तशीच राहिली आणि माणसाचं रोजचं जगणं अडायला लागलं, की पीटीएसडीचा विचार सुरू होतो. मराठीत आघातोत्तर ताण विकार म्हणतात, पण सोलापुरातले सगळे डॉक्टर पीटीएसडीच म्हणतात.

त्या पहिल्या महिन्यात आमची पहिली चूक झाली. बघायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "कसं झालं, सांग की." आणि आम्ही त्याला सांगू द्यायचो, बोललं की मोकळं होईल म्हणून. नंतर कळलं की घटनेनंतर लगेच माणसाला बसवून सगळं वदवून घेण्यानं फायदा होत नाही, काहींना त्याचा अपायच होतो. स्वतःहून बोलला तर ऐकायचं, उकरायचं नाही. झोप, जेवण, दुखण्यावरची औषधं आणि ओळखीची माणसं आजूबाजूला, एवढं पहिल्या महिन्यात पुरेसं असतं.

डिसेंबर संपत आला तरी काही ओसरलं नाही, उलट वाढलं. पीटीएसडीची लक्षणं चार गटांत मोडतात. आम्हाला ती नंतर डॉक्टरांनी समजावली, पण घरात चारही दिसत होती. पहिला गट, घटना परत परत अंगावर येणं. आमच्या घरी ती कुकरच्या शिट्टीतून यायची. डाळीच्या कुकरची तिसरी शिट्टी जरा लांबते. ती सुरू झाली की भाऊ हातातलं टाकून, लंगडत, अनवाणी गल्लीत जाऊन उभा राहायचा. घाम यायचा, तोंड पांढरं पडायचं. दुसरा गट टाळण्याचा, त्याबद्दल पुढं सविस्तर लिहिते. तिसरा, मन आणि विचार काळे होणं. "मी चहाला थांबलो असतो तर तो वाचला असता" हे वाक्य दिवसातून दहा वेळा यायचं, आणि ज्या भाचीवर जीव ओवाळायचा तिला जवळ घेतलं तरी काही वाटत नाही म्हणायचा. चौथा, शरीर कायम पहाऱ्यावर असणं. दाराकडे तोंड करूनच बसायचा, दिवा लावून झोपायचा, भांडं पडलं तरी उडायचा, आणि चिडचिड तर विचारू नका.

डिझेलचा वास, लांबलेला हॉर्न, रेक्झिनच्या सीटचा स्पर्श हे सगळं मेंदूत त्या पहाटेला जोडलं गेलेलं असतं. साधी आठवण "ते तेव्हा झालं" अशी येते. ही आठवण "आत्ता होतंय" अशी येते. त्यामुळं शहाणपणाच्या गोष्टी सांगून ती थांबत नाही.

आता टाळण्याबद्दल. पिकअपची किल्ली त्यानं आईच्या कपाटात टाकली. रिक्षात बसला तर रूपाभवानी मंदिराच्या बाजूनं नेऊ नका म्हणायचा, कारण तिथून तुळजापूर रस्ता लागतो. क्लीनरच्या आईचा फोन आला की मोबाईल उलटा ठेवायचा. आणि या सगळ्यात आम्ही त्याला मनापासून मदत केली. कुकर माळ्यावर गेला, डाळ पातेल्यात शिजायला लागली. वडिलांनी परस्पर दुसरा ड्रायव्हर लावला. त्या माऊलीचे फोन मी घ्यायला लागले. त्याला त्रास नको, एवढीच आमची इच्छा होती. आज एकच गोष्ट सांगायची झाली तर ही सांगेन : टाळलं की त्या क्षणी बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच आजाराला खतपाणी घालतं. प्रत्येक वेळी मेंदू एकच धडा घेतो, की टाळलं म्हणून वाचलो, म्हणजे धोका खराच होता. डिसेंबरात एक शिट्टी टाळली, जानेवारीत त्याला पाहुण्यांच्या घरचं स्वयंपाकघरही नको झालं.

मधल्या काळात दोन वाटा चुकल्या. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, तुळजाभवानीला नवस बोलली. त्यानं नुकसान झालं नाही, आईला आधारच मिळाला, पण "थोडं थांबून बघू" म्हणताना सहा आठवडे गेले. दुसरी वाट जास्त महागात पडली. ओळखीच्या एका डॉक्टरांनी "मनावर घेऊ नकोस" म्हणत अल्प्राझोलाम ही मन शांत करून झोप आणणारी गोळी दिली. पहिल्या रात्री शांत झोप लागली. पंधरा दिवसांत एका गोळीनं भागेना, दोन लागायला लागल्या. या प्रकारच्या गोळ्या पीटीएसडी बरा करत नाहीत, सवय लावतात, आणि पुढच्या समुपदेशनात जे नव्यानं शिकायचं असतं त्याच्या आड येतात. दारूचंही तेच. कुणी अशा गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर आपल्या मनानं एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. भावाच्या गोळ्या मानसोपचारतज्ज्ञांनी चार आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं काढल्या.

जानेवारीत गड्डा भरला. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावर शोभेच्या दारूकामाची रात्र असते आणि आमचं घर तिथून लांब नाही. पहिला आवाज झाला तेव्हा भाऊ मोरीत जाऊन भिंतीला पाठ लावून बसला. क्लीनरचं नाव घेऊन "आत आहे, त्याला काढा" म्हणत होता. मी समोर होते, पण त्याला मी दिसत नव्हते. त्या रात्री १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लावला. ही केंद्र सरकारची मोफत, चोवीस तास चालणारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि भाषा निवडताना मराठी निवडता येते. पलीकडच्या ताईंनी पहिल्यांदा विचारलं ते जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल काही बोललाय का, हे. मग त्या क्षणी काय करायचं ते सांगितलं. तेव्हापासून घरात प्रत्येकाला पाठ आहे, म्हणून तुम्हालाही सांगते.

अंगाला एकदम हात लावायचा नाही, गदागदा हलवायचं नाही. समोर, थोडं अंतर ठेवून, त्याच्या खालच्या पातळीला बसायचं. नावानं हाक मारून तू कोण, मी कोण, आपण कुठं आहोत, आज वार कुठला हे सावकाश सांगत राहायचं. दिवा लावायचा. हातात गार पाण्याचा तांब्या द्यायचा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावायची. "काही नाही झालं" असं म्हणायचं नाही, कारण झालेलं असतं. "ते झालं होतं, आत्ता तू घरी आहेस" असं म्हणायचं. रात्री स्वप्नातून ओरडत उठला तर पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून हाक मारायची. जवळ वाकून उठवायला गेलेल्या वडिलांना एकदा त्याचा हात जोरात लागला होता.

ओपीडी

२४ जानेवारी २०२४, बुधवार. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. जायच्या आधी त्या विभागाचे वार आणि केसपेपरची खिडकी किती वाजता बंद होते, एवढं फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा. आम्ही साडेअकराला पोचलो आणि नंबर दीड वाजता लागला. नऊला गेलं तर बरं. सोबत आधार कार्ड, अपघाताचं डिस्चार्ज कार्ड, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (चिठ्ठी नव्हे, पट्ट्याच) आणि एका कागदावर तारीखवार मांडलेली हकीकत न्या. हा कागद सगळ्यात कामाचा ठरला. आत गेल्यावर भाऊ "काय नाही ओ, झोप लागत नाही" एवढंच बोलला होता. कागदावर कुकर, रूपाभवानी, मोरी, सगळं होतं. डॉक्टरांनी तो वाचला, मग मला बाहेर थांबायला सांगून त्याच्याशी एकट्याशी बोलले. घरच्यांनी त्याचा राग मानू नये. काही गोष्टी तो आपल्यासमोर बोलणार नसतो.

त्या दिवशी निदान सांगितलं नाही. डोक्याला मार होता का, शुद्ध हरपली होती का, हे नीट विचारलं, कारण मेंदूच्या दुखापतीनंतरही चिडचिड, विसरभोळेपणा, झोपमोड होते. थायरॉईड आणि रक्ताच्या तपासण्या दिल्या. ३१ जानेवारीला दुसऱ्या भेटीत पीसीएल-५ नावाची प्रश्नावली घेतली. वीस प्रश्न असतात, प्रत्येकाला गेल्या महिन्यातल्या त्रासाप्रमाणं ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३ च्या वर गेलं की पीटीएसडीची शक्यता दाट धरतात. भावाचे ५४ आले. नुसत्या गुणांवर निदान होत नाही, डॉक्टर मुलाखत घेऊनच ठरवतात. पण हा आकडा लिहून ठेवा, पुढं सुधारणा त्याच्याशीच ताडून बघायची असते. इंटरनेटवर स्वतःच भरून स्वतःला शिक्का मात्र मारून घेऊ नका.

वडिलांना निदान पटेना. हा आजार सैनिकांना होतो, असं त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. नाव तिथूनच रूढ झालं हे खरं. व्हिएतनाम युद्धाहून परतलेल्या सैनिकांच्या हालांनंतर १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेनं हे निदान आपल्या यादीत घेतलं. पण अपघात, लैंगिक अत्याचार, मारहाण, आग, भूकंप, जवळच्याचा डोळ्यांदेखत मृत्यू, यातल्या कशानंही तो होतो. डॉक्टरांनी वडिलांना किल्लारीची आठवण करून दिली. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं. धक्का सोलापुरातही बसला होता, आणि नंतर कित्येक रात्री लोक अंगणात झोपत होते. "तुम्ही परत घरात झोपायला लागलात ना? काहींना ते वर्षानुवर्षं जमलं नाही. ते भित्रे नव्हते," असं डॉक्टर म्हणाले. वडिलांनी मान हलवली, आणि त्यानंतर "मन घट्ट कर" हे वाक्य आमच्या घरात परत निघालं नाही.

गोळी सर्ट्रालीनची, म्हणजे नैराश्यावरही देतात तीच. पहिला आठवडा २५ मिलिग्रॅम, मग ५०, मार्चमध्ये १००. पहिले दहा दिवस मळमळ आणि जुलाब झाले. नाश्त्यानंतर घेतली की कमी व्हायचं. फरक दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात "गोळीनं काही होत नाही" म्हणून सोडणारेच जास्त. तरुण माणसांत सुरुवातीच्या आठवड्यांत अस्वस्थता किंवा आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं असतं. लैंगिक इच्छा कमी होणं हा नेहमीचा दुष्परिणाम आहे. माणसं लाजेनं सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी बंद करतात. सांगितलं तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलू शकतात. मेडिकलमध्ये ५० च्या दहा गोळ्यांची पट्टी आम्हाला ऐंशी रुपयांच्या आसपास पडायची, जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळाली.

दीड तासाची शनिवार दुपार

गोळीनं पाया तयार होतो. पीटीएसडीवर पहिल्या पसंतीचा उपचार मात्र आघातावर थेट काम करणाऱ्या समुपदेशनाचा आहे. असा समुपदेशक शोधण्यात आमचा फेब्रुवारी गेला. पाटीवर काहीही लिहिलेलं असतं, म्हणून तीन प्रश्न विचारा : भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, पीटीएसडीसाठी नेमकी कुठली पद्धत वापरता, आणि साधारण किती सत्रं लागतील. एका ठिकाणी "गप्पा मारू, बरं वाटेल" असं उत्तर आलं, तिथून आम्ही परत आलो. ज्या मॅडमकडे गेलो त्यांनी प्रोलाँग्ड एक्स्पोजर हे नाव घेतलं. टाळलेल्या गोष्टींना आणि त्या आठवणीला टप्प्याटप्प्यानं सामोरं जायची, एडना फोआ या मानसशास्त्रज्ञांनी विकसित केलेली पद्धत, साधारण ८ ते १५ सत्रं, प्रत्येक दीड तासाचं. डोळ्यांच्या हालचालींवर आधारलेली ईएमडीआर आणि विचारांवर काम करणारी बारा सत्रांची सीपीटी या दोन्हीही चांगला पुरावा असलेल्या पद्धती आहेत. शहरात जी नीट शिकलेल्या माणसाकडून मिळते ती घ्यावी.

सोलापूरकरांनी भाषेचं आधीच बोलून घ्यावं. इथं घरात तेलुगू, दारात मराठी, दुकानात कन्नड चालतं. घटना ज्या भाषेत घडली, त्या भाषेत सांगितली तरच ती पूर्ण सांगितली जाते. भाऊ क्लीनरशी अर्धं मराठी, अर्धं तेलुगू बोलायचा. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, त्याचे शब्द तेलुगूतच येऊ देत, अर्थ मला नंतर सांग.

२ मार्च २०२४ पासून दर शनिवारी दुपारी सुरू झालं. पहिल्या दोन सत्रांत आजार समजावणं, सावकाश श्वास सोडण्याचा सराव, आणि एक वही. दोनशे पानी साधी वही होती. तिच्यात त्यानं टाळलेल्या गोष्टींची उतरंड लिहायची आणि प्रत्येकीसमोर ० ते १०० असा त्रासाचा आकडा टाकायचा. त्याच्या वहीचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आहे, निळ्या बॉलपेननं, आकडे खोडून परत लिहिलेले. कुकरची शिट्टी ४०. बंद पिकअपमध्ये बसणं ५०. रूपाभवानीपर्यंत जाणं ५५. हिप्परगा तलाव ६५. उळे ८५. उळे रात्री ९५. आणि सगळ्यात खाली, शंभर आकड्यासमोर, रस्ता नव्हता. "काकूंच्या घरी जाणं" असं लिहिलं होतं. काकू म्हणजे क्लीनरची आई. त्यांचं घर आमच्यापासून सहा घरांवर आहे.

नियम असा की सोप्यापासून सुरुवात, रोज, आणि तिथं पाऊण तास किंवा आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं. जाताना, वर चढलेला आणि निघतानाचा असे तीन आकडे वहीत. माळ्यावरचा कुकर खाली आला. पहिल्या दिवशी ४० लिहिलेली शिट्टी प्रत्यक्षात ७० निघाली. नवव्या दिवशी १५.

चुका नेमक्या कुठं होतात ते इथं लिहिते, कारण आम्ही सगळ्या केल्या. आकडा सगळ्यात वर असताना तिथून निघणं ही मोठी चूक. रूपाभवानीपासून तो पहिल्यांदा सात मिनिटांत परत आला आणि दुसऱ्या दिवशी ५५ चे ७५ झाले, म्हणजे पळून आल्यानं भीती पक्की झाली. दुसरी चूक लपलेल्या कुबड्यांची. हिप्परग्याला तो जायचा पण कानात गाणी, हातात मोबाईल, आणि मी सोबत. आकडा खाली यायचा, पण मेंदू म्हणायचा, ताई होती म्हणून निभावलं. मॅडमनी एकेक कुबडी काढायला लावली, शेवटी मलाही घरी बसवलं. तिसरी, दोन पायऱ्या एकदम चढणं. आणि चौथी, सत्रच बुडवणं. एकूण सतरा शनिवारांत चार चुकले, त्यातले दोन "पाय दुखतोय" म्हणून. पाय खरंच दुखत होता का, हे विचारत बसू नका. समुपदेशकाला आधीच सांगून ठेवा की सत्र बुडालं तर तुम्ही फोन करा. टाळणं हेच लक्षण असलेल्या आजारात उपचारही टाळले जाणारच.

तिसऱ्या सत्रापासून घटना सांगणं सुरू झालं. डोळे मिटून, "मी चालवतोय, समोर अंधार आहे" अशी, वर्तमानकाळात, अर्धा-पाऊण तास, परत परत. ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि घरी रोज एकदा ऐकायचं. पहिले तीन आठवडे त्रास वाढला. स्वप्नं वाढली, आई म्हणाली बंद करा. इथं बरेच जण सोडतात. मॅडमनी आम्हाला हे आधीच बजावलं होतं म्हणून टिकलो. मात्र जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं आलं, दारू वाढली, तर थांबून डॉक्टरांना लगेच कळवायचं, हेही बजावलं होतं.

सहाव्या सत्रापर्यंत त्याचं सांगणं हॉर्नपाशी येऊन थांबायचं. ट्रक, धडक, हॉर्न, आणि मग परत पहिल्यापासून. सहाव्या वेळी मॅडमनी विचारलं, हॉर्न वाजतोय, पुढं? बराच वेळ तो गप्प. मग सांगितलं की उळ्याकडून माणसं पळत आली, एकाच्या हातात पहार होती, आणि खिडकीतून एका म्हाताऱ्या माणसानं त्याचा हात धरला, पाय सुटेपर्यंत सोडला नाही. कुणीतरी बॅटरीची वायर ओढली आणि हॉर्न बंद झाला. इतके महिने त्याच्या डोक्यात हॉर्न बंद झालेलाच नव्हता. तो बंद झाला होता, हे त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा तोंडानं सांगितलं. त्या आठवड्यापासून आकडे खरे उतरायला लागले. चहाला थांबलो असतो तर, या वाक्यावरही पुढची दोन सत्रं गेली. अपराधी भावना "तुझी चूक नाही" म्हणून जात नाही. किती अंतरावर ट्रक दिसला, वेग किती, ब्रेक लागायला वेळ किती, हे त्यालाच कागदावर मांडायला लावलं, तेव्हा कुठं तिची पकड ढिली झाली.

२२ जूनला तेरावं सत्र झालं. पीसीएल-५ चे आकडे असे आले : जानेवारीत ५४, एप्रिलच्या सुरुवातीला ५१, मे अखेर ३०, जूनमध्ये १९. साधारण दहा गुणांची घट ही प्रत्यक्ष जगण्यात जाणवणारी सुधारणा मानतात. एका सत्राचे १,२०० रुपये, तेरांचे १५,६००. सरकारी ओपीडीत हे वेगळं पैसे न देता मिळू शकतं, पण एवढ्या वेळाच्या सत्रांसाठी थांबावं लागतं. ते आधी विचारून मग ठरवा.

कागदपत्रांचं थोडक्यात. अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार सहा महिन्यांची मुदत आहे. मानसिक उपचारांचे केसपेपर, बिलं, प्रश्नावलीचे निकालही पायाच्या एक्स-रेबरोबर वकिलाला द्या. आमच्या वकिलांनी स्वतःहून ते मागितले नव्हते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणं विमा कंपन्यांना मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणंच विमा द्यावा लागतो. पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच्या खर्चाच्या असतात, ओपीडीतलं समुपदेशन त्यात बसत नाही. आम्हाला त्यातलं काही परत मिळालं नाही. आपली वैद्यकीय कागदपत्रं मागण्याचा आणि ती गुप्त राहण्याचा हक्कही याच कायद्यात आहे.

ऑक्टोबर २०२४ च्या कोजागिरीला सोलापूरकर नेहमीप्रमाणं रात्रभर चालत तुळजापूरला निघाले, भाऊही निघाला. आईचा नवस होताच. आम्हाला वाटलं, झालं, जिंकलं. मॅडमना फोनवर सांगितलं तर त्यांनी आनंदच व्यक्त केला, पण विचारलं, त्या रात्री त्या रस्त्यावर जड वाहनं असतात का? यात्रेसाठी ती वळवलेली असतात. म्हणजे माणसांनी, भजनांनी, चहाच्या मंडपांनी भरलेला तो रस्ता वहीतला रस्ता नव्हताच. पुढच्या आठवड्यात तो रात्री दहाला एकटा पिकअप घेऊन तामलवाडीच्या टोलनाक्यापर्यंत गेला, ट्रकच्या मागं, ट्रकच्या पुढं. वहीत नोंद आहे : ६०, ८०, ३५. तीन दिवस सलग गेला. चौथ्या दिवशी माल भरून गेला.

काकूंच्या घरी तो ३ नोव्हेंबरला गेला, भाऊबीजेच्या दिवशी. एकटाच गेला. तिथं काय बोलणं झालं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. दोन तासांनी परत आला तेव्हा हातात चकल्यांचा डबा होता.

बरं वाटल्यावरही गोळी साधारण वर्षभर चालू ठेवायला सांगितली होती. जून २०२५ पासून १०० चे ७५, ५०, २५ असं करत दहा आठवड्यांत बंद केली. मध्ये दोन-तीन दिवस चक्कर आणि डोक्यात झिणझिण्या झाल्या, डोस कमी करण्याचा वेग जरा कमी केल्यावर थांबल्या.

गेल्या वर्षी नोव्हेंबरचा पहिला आठवडा आला तशी त्याची झोप परत उडाली, हॉर्न स्वप्नात आला. वर्षाच्या तारखेला असं होतं, आणि त्याचा अर्थ आजार उलटला असा होत नाही, हे माहीत असल्यामुळं घरात धावपळ झाली नाही. त्या दिवशी कुकर मुद्दाम लावला. या वर्षी मात्र वाट न बघता मॅडमची ४ नोव्हेंबरची वेळ आधीच घेऊन ठेवली आहे, दुपारी चारची.